तळटीप ७ : ठाण्यातली 'थ्री-नॉट-थ्री'

७. लेखकाने वरोऱ्याच्या ठाण्यात पाहिलेली 'थ्री-नॉट-थ्री' म्हणजे ली-एनफिल्ड रायफल. नळीचा व्यास .३०३ इंच, मॅगझीनमध्ये दहा गोळ्या. प्रत्येक बारानंतर बोल्ट हाताने मागे ओढून पुढे लोटावा लागे. १९०७ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेला तिचा 'मार्क ३' नमुना पुढे बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागला. त्याच सुमारास अर्जेंटिना आणि चिलीच्या सैन्यांत जर्मन बनावटीची पाच गोळ्यांची माउझर होती. आपल्याकडे राज्य इंग्रजांचे, म्हणून बंदूकही त्यांचीच. १९६२च्या चीन युद्धानंतर सैन्याने स्वयंभरणाची एसएलआर घेतली आणि जुन्या रायफली पोलिसांकडेच राहिल्या. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ चालवणाऱ्या हल्लेखोरांसमोर रेल्वेच्या जवानांकडे 'थ्री-नॉट-थ्री' होती. वरोऱ्याशेजारी भद्रावतीला असलेल्या चांदा आयुध निर्माणीचा या रायफलीशी संबंध जोडू नये. तेथे बंदुका घडत नाहीत, तोफगोळ्यांत स्फोटके भरली जातात. – संपा.