डेबियन प्रकल्पातील मेंटेनर

डेबियन या मुक्त संगणकप्रणालीतील एखाद्या पॅकेजची जबाबदारी स्वेच्छेने, प्रकल्पाकडून वेतन न घेता सांभाळणारी व्यक्ती किंवा गट. इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियनची घोषणा केली. २०२३ साली आलेल्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस होती, आणि अशा प्रत्येक पॅकेजच्या नोंदीत मेंटेनरचे नाव असते.

मेंटेनर हा बहुधा सॉफ्टवेअरचा मूळ लेखक नसतो. लेखकाने प्रसिद्ध केलेला सोर्स कोड घ्यायचा, त्याचा परवाना मुक्त आहे ना हे पाहायचे, डेबियनच्या धोरणाप्रमाणे पॅकेज बांधायचे, बगच्या तक्रारींना उत्तरे द्यायची आणि केलेल्या दुरुस्त्या मूळ लेखकाकडे पाठवायच्या, असे हे काम आहे. यातील शेवटचे कलम वरवर किरकोळ वाटते, पण त्याचे मोल २००८ मध्ये कळले. दोन वर्षांपूर्वी ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीच्या पॅकेजमध्ये, तपासणी-साधनाने दिलेली एक सूचना बंद करण्यासाठी, कोडचा छोटा भाग काढला गेला होता. त्याबद्दल मूळ प्रकल्पातील मंडळींना विचारले होते, पण प्रत्यक्ष बदल त्यांच्याकडे तपासणीसाठी गेला नाही. परिणामी कूटलेखनाच्या किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली आणि एका प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्यांसाठी जेमतेम ३२,७६८ पर्याय उरले. डेबियन आणि त्यावर आधारित उबुंटूवर त्या काळात तयार झालेल्या किल्ल्या जगभर बदलाव्या लागल्या. मेंटेनरची जबाबदारी किती दूरवर पोहोचते, हे दाखवणारे याहून ठळक उदाहरण डेबियनच्या इतिहासात नाही.

मेंटेनरचे अधिकार १९९८ मध्ये संमत झालेल्या डेबियनच्या संविधानातून येतात. स्वतःच्या कामाविषयीचे तांत्रिक निर्णय ज्याचे त्याने घ्यावेत, हा त्याचा पाया. त्याच दस्तऐवजात असेही आहे की कुणावरही काम करण्याचे बंधन नाही. मात्र रीतसर झालेल्या निर्णयांविरुद्ध मुद्दाम वागता येणार नाही. स्वयंसेवी संस्थेने आपल्या माणसांशी करावा असा इतका प्रामाणिक करार क्वचितच आढळतो. काम थांबवण्याची मुभा पूर्ण आहे, अडवून ठेवण्याची नाही.

म्हणूनच डेबियनचे बरेच नियम पॅकेज सोडण्याविषयी आणि इतरांनी त्याला हात लावण्याविषयी आहेत. वेळ नसेल तर मेंटेनरने पॅकेज ‘अनाथ’ जाहीर करावे, म्हणजे दुसरा कुणी ते दत्तक घेऊ शकतो. तातडीची दुरुस्ती रखडली तर दुसरा डेव्हलपर, म्हणजे अपलोडचा पूर्ण अधिकार असलेला सदस्य, मेंटेनरच्या वतीने अपलोड करतो. असे अपलोड बहुधा काही दिवस रांगेत थांबवतात, म्हणजे मेंटेनरला हरकत घेता येते. मेंटेनर गप्पच असेल तर २०१८ पासून पॅकेज ‘वाचवण्याची’ रीत आहे: इरादा जाहीर करायचा, किमान २१ दिवस वाट पाहायची, हरकत आली नाही तर पॅकेज हाती घ्यायचे. पूर्वी निष्क्रिय नावामागे पॅकेजेस वर्षानुवर्षे कुजत. ही रीत उशिरा आली, पण योग्य आली.

तांत्रिक निर्णयावरचा वाद आपसांत मिटला नाही तर तो डेबियनच्या तांत्रिक समितीकडे जातो. डेव्हलपरचा निर्णय फिरवायला समितीत तीनास एक असे मताधिक्य लागते. तिचा सर्वांत गाजलेला निर्णय फेब्रुवारी २०१४ चा: लिनक्सवरील पूर्वनिर्धारित आरंभप्रणाली म्हणून सिस्टमडीची निवड अध्यक्षांच्या निर्णायक मताने झाली.

नवागताचे पॅकेज आधी कुणी डेव्हलपर तपासून स्वतःच्या स्वाक्षरीने अपलोड करतो. २००७ पासून ‘डेबियन मेंटेनर’ असा वेगळा दर्जाही आहे. त्यात ठरावीक पॅकेजेसपुरतीच अपलोडची परवानगी मिळते. डेव्हलपर होण्यासाठी ओळखीची खातरजमा आणि धोरणाची जाण यांची परीक्षा द्यावी लागते. अनाथ पॅकेजेसची यादी सर्वांसाठी खुली आहे आणि त्यातील एखादे हाती घेण्यासाठी आधी डेव्हलपर असावे लागत नाही.