लेबनॉनचे सैन्य कोणी फोडले?

लेबनॉनचे सैन्य पॅलेस्टिनी गनिमांमुळे फुटले, असे सांगून मोकळे होणारे बरेच आहेत. पण राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया आणि सेनाप्रमुख पुन्हा मॅरोनाइटच, ही वाटणी कोणाची? जनगणना १९३२ ची. नंतर झालीच नाही. कशी होईल? आकडे बदलले तर खुर्च्या हलतात! सैनिकाला नागरिक म्हणून कोणी मोजलेच नाही, मोजला तो त्याचा पंथ. १९७५ ला यादवी पेटली. जानेवारी १९७६ मध्ये अहमद अल-खतीब या साध्या लेफ्टनंटने बंड करून 'लेबनीज अरब आर्मी' उभारली आणि मुस्लिम सैनिक त्याच्यामागे गेले. ख्रिश्चन सैनिकही आपापल्या पंथाच्या सशस्त्र टोळ्यांकडे वळले. पुढे अमेरिकेच्या मदतीने सैन्य पुन्हा बांधले. फेब्रुवारी १९८४ मध्ये नबीह बेरींनी हाक देताच बैरूतमधली शियाबहुल सहावी ब्रिगेड त्यांच्या 'अमल'च्या बाजूला गेली.