स्प्रिंगफील्डहून ग्वाल्हेरला

रेसकोर्स रोडवरच्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेवरून मी हजारदा गेलो असेन. पेशानं इंजिनिअर. पीटीचे मास्तर म्हणजे शिट्टी आणि 'सावधान', एवढीच माझी समजूत. इतिहासाचा नाद लागल्यावर या संस्थेचं मूळ शोधू लागलो, तर धागा निघाला थेट अमेरिकेतला.

डिसेंबर 1891. स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी पीचच्या दोन टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या आणि पोरांच्या हाती फुटबॉल दिला. हाच बास्केटबॉलचा जन्म. 11 मार्च 1892 रोजी शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा पहिला जाहीर सामना झाला. विद्यार्थी 5-1 नं जिंकले. शिक्षकांचा तो एकुलता एक गोल अमोस अलोंझो स्टॅग यांचा. तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाला तेच शिकवत. पुढे शिकागो विद्यापीठाच्या संघाला त्यांनी चाळीसहून अधिक वर्षं शिकवलं. कॉलेजचा पगारी 'कोच' हा पेशा उभा राहिला तो अशा माणसांमुळे.

याच स्प्रिंगफील्डमध्ये शिकलेले हॅरी क्रो बक 1919 साली मद्रासला आले. आपल्याकडे तेव्हा शाळेत कवायत असे, आणि ती घ्यायला बहुधा फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. बक यांनी 1920 मध्ये वायएमसीएची शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय पथकाबरोबरही ते होते. पण माझ्या मते त्यांची खरी कमाई पॅरिसची नव्हे, तर त्या शाळेची. खेळाडू घडवणारा एक संघ घडवतो. शिक्षक घडवणारा किती संघ घडवतो, याचा हिशेब कोण ठेवणार? बक 1943 मध्ये वारले. शाळा चालूच राहिली.

आपल्या मुलखात हा विचार वेगळ्या वाटेनं आला. 1937 मध्ये मुंबई सरकारनं स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षण समिती नेमली. लोणावळ्याचे योगाचे अभ्यासक ते हेच. त्यानंतर 1938 मध्ये कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. पी. एम. जोसेफ तिचे प्राचार्य होते. 1957 मध्ये, सत्तावनच्या शताब्दी वर्षात, ज्या शहरात राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या त्या ग्वाल्हेरात केंद्र सरकारनं शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय उघडलं. त्याचेही पहिले प्राचार्य जोसेफच.

तालमी, कुस्त्या आणि हॉकीचं हे शहर. इथून पदवी घेतलेले शिक्षक मग देशभरच्या शाळा-कॉलेजांत गेले.

इमारत बघताना मी आधी विचारतो, भार कुठून कुठे उतरतो? इथला भार अशा माणसांवर आहे, ज्यांची नावं गुणफलकावर कधी लागत नाहीत. जिंकलेल्या संघाचा फोटो भिंतीवर असतो. त्यांना पहिल्यांदा चेंडू धरायला शिकवणारा मास्तर त्यात असला तर कोपऱ्यात, आणि खाली नाव नाही.

1957 साली विशीत असलेले विद्यार्थी आज नव्वदीच्या घरात आहेत. तुमच्या घरात किंवा वाड्यात कुणी इथे शिकलेलं असेल, तर आधी त्यांच्यापाशी बसा. जुन्या फोटोतल्या मास्तरांची नावं मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहून घ्या. एवढं केलंत तरी आपल्या मंडळाचं निम्मं काम झालं.