मानक फुकट, नाव मात्र राखीव

आभा कार्डावर मागे लिहिलं होतं, तेव्हा तिघाचौघांनी कमेंटमध्ये जवळजवळ एकच प्रश्न विचारला. हे 'फायर' म्हणजे काय, ते अमेरिकेतल्या एका संस्थेचं आहे असं म्हणतात, मग आपल्या नोंदींसाठी आपण त्यांना पैसे देतो का? प्रश्न रास्त आहे. एका ओळीत उत्तर देता येतं, पण त्याने समाधान होणार नाही. म्हणून जरा मागे जाऊ. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

1980 च्या आसपास अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयांत संगणक पोचले होते. पण लॅबचा संगणक वेगळ्या कंपनीचा, औषध विभागाचा वेगळा, बिलाचा आणखी वेगळा. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. दहा यंत्रणा एकमेकींशी जोडायच्या तर पंचेचाळीस जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीसाठी वेगळं काम करून घ्यायचं, वेगळे पैसे मोजायचे. डॉन सिम्बोर्ग नावाच्या डॉक्टरांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात या यंत्रणा जोडण्याचा खटाटोप केला होता. त्यातूनच 1987 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात काही मंडळी जमली आणि 'हेल्थ लेव्हल सेव्हन', म्हणजे एचएल-सेव्हन ही संस्था उभी राहिली. संगणकांच्या संवादाच्या आराखड्यात सात थर मानतात. त्यातला सर्वात वरचा सातवा, म्हणून 'सेव्हन'.

त्यांनी ठरवलेला निरोपाचा साचा दिसायला अगदी साधा आहे. उभ्या रेघा मारलेल्या ओळी. रुग्णाच्या ओळीत पाचव्या खान्यात नाव, सातव्यात जन्मतारीख, आठव्यात स्त्री की पुरुष. आपल्या केसपेपरच्या रजिस्टरसारखंच, फक्त रकाने जगभर एकच. हा साचा इतका चालला की आजही असंख्य रुग्णालयांत त्याच रेघा धावतात.

पण हा साचा लिहिलेला दस्तऐवज सगळ्यांना मोकळा नव्हता. सभासद व्हा, वर्गणी भरा, नाहीतर प्रत विकत घ्या. यात लगेच लबाडी शोधू नका. संस्था ना-नफा, काम करणारे बहुतेक स्वयंसेवक, खर्च वर्गणीतून आणि दस्तऐवजांच्या विक्रीतून निघायचा. मोठ्या कंपनीला ती रक्कम किरकोळ होती. अडचण व्हायची ती लहान गावातल्या एकट्या प्रोग्रामरची, आणि गरीब देशांची. ज्या भाषेत सगळ्यांनी बोलायचं, तिचं व्याकरणच विकत घ्यायचं!

सप्टेंबर 2012 मध्ये संस्थेने जाहीर केलं की आपली मुख्य मानकं आता विनामूल्य देणार, आणि 2013 पासून ती तशी मिळू लागली. टाळ्या पडल्या. पण पत्रकाराने अटी वाचायच्या असतात. सभासद नसलेल्याने नोंदणी करून दस्तऐवज वाचावा, त्याप्रमाणे सॉफ्टवेअर बनवून विकावं, हरकत नाही. मात्र मूळ दस्तऐवजातला मजकूर थेट आपल्या उत्पादनात घालायचा नाही. ती मोकळीक संस्था-सभासदांना. म्हणजे घराचं दार उघडलं, माजघराचं नाही.

फायर आलं ते याच सुमारास. त्याआधी या संस्थेने आपल्या मानकाची तिसरी आवृत्ती करण्यात कित्येक वर्षं घातली होती. ती इतकी अवघड झाली की हुशार माणसंही तिच्यापुढे हात टेकायची. 2011 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम ग्रीव्ह यांनी नवा, सुटसुटीत मसुदा मांडला. इंटरनेटवर बाकीच्या सेवा ज्या पद्धतीने चालतात त्याच पद्धतीने आरोग्याची माहिती द्यायची-घ्यायची, एवढीच कल्पना. त्याचं पुढे नाव पडलं 'फायर', आणि चिन्ह म्हणून ज्योत आली. हे मानक खुलं राहावं असा ग्रीव्ह यांचा आग्रह होता, आणि आज त्याचा मजकूर 'सीसी-झिरो' या परवान्याखाली आहे. मराठीत सांगायचं तर हक्क सोडले. वाचा, छापा, वाटा, त्यावर धंदा करा, कोणाला विचारायला नको.

मग राखीव काय राहिलं? नाव आणि ज्योत.

'फायर' हा शब्द आणि ते चिन्ह संस्थेचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. आमचं सॉफ्टवेअर या मानकानुसार चालतं, असं साध्या वाक्यात सांगणं वेगळं, आणि आपल्या उत्पादनाच्या नावात तो शब्द घालणं किंवा डब्यावर ज्योत छापणं वेगळं. दुसऱ्यासाठी परवानगी लागते. शिवाय दोन गोष्टी बजावून ठेवल्यात. मानक वापरलं म्हणून संस्थेने तुमच्या मालाला मान्यता दिली असं भासवायचं नाही, आणि 'मानक पाळणं' म्हणजे काय याची व्याख्या आपल्या सोयीने बदलायची नाही.

काही मित्रांना हे ढोंग वाटतं. मजकूर फुकट आणि नावाला कुलूप! मला तसं वाटत नाही. आपल्याकडचंच बघा. हापूसचं कलम कोणीही, कुठेही लावावं, त्याला कोण अडवणार? पण परराज्यातला आंबा देवगडच्या पेटीत घालून विकला की कोकणातला बागायतदार चिडतो, आणि बरोबर चिडतो. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते यासाठीच. कायदा वेगळा आहे, ट्रेडमार्क आणि मानांकन एक नव्हे, पण कळ तीच. नाव मोकळं सोडलं तर काय होतं तेही आपण रोज बघतो. कुठल्याही मशीनवरची प्रत आपल्याला 'झेरॉक्स'च असते. छायाप्रतीत तसं झालं तर बिघडत नाही. पण रुग्णाच्या ॲलर्जीची नोंद एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाताना वाटेत हरवली, तर 'आमचंही फायरच आहे' हे बोर्डावर लिहून उपयोग काय?

खरी भीती मला वाटते ती मजकूर आणि सत्ता एकाच हाती जाण्याची. त्याचा किस्सा इंग्लंडचा आहे. लफबरो गावात जेम्स रीड नावाचे डॉक्टर होते. 1980 च्या दशकात त्यांनी आजार, लक्षणं, औषधं यांना छोटे छोटे संकेतांक दिले. ते 'रीड कोड' म्हणून गाजले, आणि खरोखर उपयोगी होते. 1990 मध्ये ब्रिटिश सरकारने ते साडेबारा लाख पौंडांना विकत घेतले. इथवर ठीक. पण त्यांची देखरेख करायला जे सरकारी केंद्र काढलं, त्याचे संचालक रीडच, आणि वितरणाचे हक्क ज्या खासगी कंपनीकडे गेले तीही रीड यांचीच. 1998 मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने या सगळ्या व्यवहारावर अख्खा अहवाल काढला. आपल्याकडच्या वाचकाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. टेंडर काढणारा आणि भरणारा एकाच घरातला, हे आपण नगरपालिकेत पाहिलेलं आहे.

अमेरिकेतही असाच एक वाद झाला. उपचारांच्या संकेतांकांची यादी तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या मालकीची आहे. सरकारी योजनांसाठी ती वापरू देताना, दुसरी स्पर्धक यादी वापरायची नाही, अशी अट घातली होती. 1997 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने हा हक्काचा गैरवापर ठरवला. मालकी मात्र संघटनेकडेच राहिली.

रीड कोडचा वारसा पुढे 'स्नोमेड सीटी'त मिसळला. आजार नेमक्या शब्दांत नोंदवण्याचा हा जगातला मोठा कोश. 2007 मध्ये नऊ देशांनी मिळून त्याच्यासाठी संस्था काढली. तिथे सभासद होतो तो देश. वर्गणी देशाच्या ऐपतीप्रमाणे, आणि ती भरली की त्या देशातल्या कोणालाही, अगदी एका खोलीतल्या दवाखान्यालाही, परवाना वेगळे पैसे न देता मिळतो. भारत 2014 मध्ये सभासद झाला. आता यातलं पुण्याचं नातं ऐका. हा परवाना आणि कोश देशात ज्या केंद्रामार्फत मिळतो, ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. आभाच्या नोंदी फायरच्या चौथ्या आवृत्तीत कशा बसवायच्या, याचे नियमही त्याच केंद्राने लिहिलेत. मुंबई-दिल्लीला जायला नको, आपल्या एसटीच्या टप्प्यातली गोष्ट आहे ही!

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर. फायर वापरायला पैसे नाहीत. स्नोमेडसाठी देश वर्गणी भरतो, दवाखान्याने वेगळे भरायचे नाहीत, फक्त नोंदणी करायची. हे सांगण्याचं कारण असं की, मध्यंतरी एका लहान रुग्णालयाला आलेलं सॉफ्टवेअरचं कोटेशन मी पाहिलं. त्यात 'आंतरराष्ट्रीय मानक परवाना शुल्क' अशी ओळ होती, पुढे भरभक्कम आकडा. कशाचं शुल्क, कोणाला जाणार, काही लिहिलेलं नव्हतं. सॉफ्टवेअर बनवण्याचे, बसवण्याचे, शिकवण्याचे पैसे जरूर घ्यावेत, त्यात मेहनत आहे. पण जे फुकट मिळतं त्याची पावती कशी फाडता?

एक मुद्दा राहतोच, आणि तो पैशाहून मोठा आहे. मानक बदलताना मत कोण देतं? एचएल-सेव्हन अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या मान्यतेखाली चालते. त्या नियमांनुसार मतदानासाठी सभासदत्वाची सक्ती करता येत नाही, त्यामुळे बाहेरच्यालाही भाग घेता येतो. पण भाग घ्यायला वेळ लागतो, इंग्रजी लागतं, रात्री-अपरात्रीच्या बैठकांना बसावं लागतं. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे आणि आडनाव शेवटी, लग्नानंतर दोन्ही बदलतात, जन्मतारीख कित्येक म्हाताऱ्यांना '1 जून' अशीच शाळामास्तरांनी दिलेली. या गोष्टी त्या टेबलावर आपणच मांडल्या नाहीत तर दुसरं कोण मांडणार? पुण्या-नाशकातले आरोग्य सॉफ्टवेअरवाले ही पोस्ट वाचत असतील, तर त्यांच्यापैकी कोणी अशा मतदानात भाग घेतलाय का, मला खरंच ऐकायचंय.

आणि डॉक्टर, लॅबवाले, दवाखान्याचे हिशेब बघणारे, तुमच्या कोटेशनात वर लिहिलेल्यासारखी ओळ असेल तर मला इनबॉक्समध्ये फोटो पाठवा. रुग्णांची नावं असतील तर आधी झाका. पाच-सहा जमली की एकत्र छापतो, आणि पुण्याच्या केंद्राला लेखी विचारतो.