सालीचं वय

बोस्टन अँड मेन रेल्वेचा एक प्रवासी गाडीतून उतरला, जेमतेम एका डब्याच्या लांबीइतकं अंतर चालला आणि केळीच्या सालीवरून घसरून फलाटावर आपटला. त्याने रेल्वेवर दावा लावला. १९०१ साली तो मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि मुख्य न्यायमूर्ती ऑलिव्हर वेन्डेल होम्स यांनी चार-दोन ओळींत निकालात काढला. त्याच गाडीतून उतरणाऱ्या कुणीतरी ती साल मिनिटभरापूर्वी टाकली असू शकते, याच्या पलीकडे काही बोलायची गरजच त्यांना वाटली नाही. मिनिटभरात रेल्वेने करायचं तरी काय? प्रवासी हरला.

दहा वर्षांनी, १९११ साली, त्याच न्यायालयापुढे पुन्हा एक साल आली. बोस्टनच्या डडली स्ट्रीट स्थानकावर एक बाई वरच्या फलाटावर उतरली. गर्दी ओसरेपर्यंत ती थांबली आणि मग गणवेशातल्या एका कर्मचाऱ्याला दुसऱ्या गाडीची वाट विचारली. तो जिन्याकडे निघाला, ती मागोमाग चालली आणि दोन-चार पावलांत सालीवर पाय पडला. या वेळी साक्षीदारांनी साल नीट पाहिली होती. ती वाळली होती, तिला माती-खडे चिकटले होते, अनेक पायांखाली चेंगरून ती चपटी झाली होती आणि रंग काळा पडला होता. म्हणजे ती बराच वेळ तिथे पडून असणार. फलाटावरची घाण पाहून उचलणं हे कर्मचाऱ्यांचं कामच होतं. बाई जिंकली.

शहर तेच, न्यायालय तेच, फळही तेच. फरक काय तो सालीच्या रंगाचा.

दुसऱ्याच्या जागेत घसरून पडलेल्या माणसाच्या हक्कांचा अमेरिकेतला इतिहास बराचसा या दोन निकालांच्या मधल्या जागेत घडला आहे. नियम कागदावर साधा आहे. धोका जागामालकानेच निर्माण केला असेल, त्याला तो ठाऊक असेल किंवा नीट लक्ष ठेवलं असतं तर ठाऊक झाला असता, तर भरपाई. अडचण येते ती शेवटच्या शक्यतेपाशी. ‘ठाऊक झाला असता’ हे ठरणार ती वस्तू किती वेळ पडून होती यावर, आणि ते सिद्ध करायचं कुणी? तर जो फरशीवर आडवा पडलाय, कंबर धरून कण्हतोय, त्याने. होम्स यांचा तर्क बिनचूक होता यात शंका नाही. पण पडणाऱ्याने आधी सालीचा रंग पाहून ठेवावा ही अपेक्षा जरा जास्तच होती.

मुळात ही सालं आली कुठून? थंड बोस्टनमध्ये केळ्याचं झाड उगवत नाही. केप कॉडचा दर्यावर्दी लोरेन्झो डाऊ बेकर याने १८७० साली जमैकाहून केळ्यांचे घड आपल्या शिडाच्या जहाजातून जर्सी सिटीला आणून विकले. नफा पाहून तो या धंद्यात उतरला. १८८५ साली बोस्टन फ्रूट कंपनी निघाली आणि १८९९ साली तिच्यातून युनायटेड फ्रूट ही अवाढव्य कंपनी उभी राहिली. एका पिढीच्या आत केळं चैनीच्या ताटातून रस्त्यावरच्या हातगाडीवर आलं. सुरी नको, बशी नको, गाडीची वाट पाहता पाहता खावं आणि साल जिथल्या तिथे टाकावी. कचऱ्याच्या पेट्या आणि झाडूवाले या वेगाने वाढले नव्हते. न्यूयॉर्कमध्ये १८९५ साली कर्नल जॉर्ज वेअरिंग यांनी सफाई खातं हाती घेऊन झाडूवाल्यांना पांढरे गणवेश चढवले. त्या वेळी पोलीस मंडळाचे अध्यक्ष असलेले थिओडोर रूझवेल्ट यांनी १८९६ साली रस्त्यावर फळांची सालं टाकणाऱ्यांविरुद्धचा नियम कडकपणे पाळायला लावला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाची ही मोहीम त्यांच्या चरित्रांत सहसा दिसत नाही.

जिथे भरपाई आली तिथे लबाडीही आली. १९१० साली न्यूयॉर्कमध्ये पकडलेल्या एका बाईवर आरोप होता की ती सालीवरून पडल्याचं सोंग वारंवार वठवते आणि वाहतूक कंपन्यांकडून पैसे उकळते. कंपन्यांच्या वकिलांना असली उदाहरणं हवीच होती. पुढची कित्येक दशकं घसरून पडणारा म्हटला की ज्यूरीच्या मनात आधी संशय आणि मग हसू येई. मूकपटांतले विदूषक त्याच काळात सालीवरून पडून प्रेक्षकांना हसवत होते.

साल खरंच इतकी निसरडी असते का? जपानी संशोधक कियोशी माबुची आणि सहकाऱ्यांनी हे मोजलं. जमिनीवरच्या सालीवर बूट दाबला की आतल्या बाजूचा बुळबुळीत द्रव फुटून पसरतो आणि घर्षणांक ०.०७ च्या आसपास येतो. वंगण घातलेल्या पृष्ठभागाची बरोबरी. या कामाला २०१४ साली गमतीदार संशोधनासाठी दिलं जाणारं ‘इग नोबेल’ मिळालं. हा सगळा खेळ ताज्या रसाचा. म्हणजे न्यायालयात दावा जिंकून देणारी काळी, वाळकी साल पाय घसरवण्यात ताज्या सालीपुढे कमीच पडावी आणि सगळ्यात घातक साल कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात निरुपयोगी ठरावी, असा हा मामला.

वस्तूच्या वयाबरोबर माणसाची ओळखही तपासली जाई. हा वारसा इंग्लंडचा. १८६६ सालच्या ‘इंडरमॉर विरुद्ध डेम्स’ खटल्यात साखरेच्या कारखान्यात गॅसचं उपकरण तपासायला आलेला एक कारागीर वरच्या मजल्यावरच्या कठडा नसलेल्या भोकातून खाली पडला. मालकाच्या कामासाठी आलेला माणूस म्हणून त्याला न्याय मिळाला. तोच जर निव्वळ पाहुणा असता तर हक्क कमी, आणि आगंतुक असता तर जवळजवळ शून्य. घरी जेवायला बोलावलेला मित्र या हिशेबात धंद्याच्या गिऱ्हाइकापेक्षा खालच्या पायरीवर, हे विचित्र होतं खरं, पण न्यायालयांनी ते शंभर वर्षं निमूट पाळलं. स्कॉटलंडमधल्या एका कोळसा कंपनीच्या यंत्रात सापडून चार वर्षांचा मुलगा मेला. मुलं त्या शेतात नेहमी खेळत होती, कंपनी त्यांना हाकलतही होती. १९२९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने मुलाला आगंतुक ठरवलं आणि कंपनी सुटली. १९५७ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये रीतसर आलेल्या सगळ्यांना एकाच रांगेत बसवलं. आगंतुकांसाठी मात्र १९८४ उजाडावं लागलं. कॅलिफोर्नियाने १९६८ साली एका झटक्यात ही उतरंड मोडली. निमित्त होतं न्हाणीघरातल्या नळाची फुटकी चिनी मातीची मूठ. यजमान बाईंनी ती फुटल्याचं घरमालकाला महिनाभर आधी कळवलं होतं, पण पाहुण्याला सांगितलं नाही आणि त्याचा हात कापला.

माणसाची ओळख मागे पडली तरी वस्तूचं वय काही सुटलं नाही. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९८५ साली एका बाजारातल्या फुटलेल्या बाळान्नाच्या बरण्यांचा निकाल दिला. सांडलेलं अन्न मळलेलं होतं आणि जवळच उभ्या असलेल्या साक्षीदाराने पंधरा-वीस मिनिटांत बरणी फुटल्याचा आवाज ऐकला नव्हता. गिऱ्हाईक जिंकलं. पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयासमोर निसर्ग इतिहास संग्रहालयाच्या पायऱ्यांवरचा मेणकागद आला. कागद मळलेला किंवा जुनाट होता असं कुणी सांगितलं नाही, म्हणून पडलेला माणूस हरला. स्वच्छ कागदाने घात केला!

या हिशेबातून वाट काढली ती कोलोरॅडोने, १९७२ साली. वूलवर्थच्या दुकानात पिझ्झ्याचे तुकडे मेणकागदावर ठेवून विकत. दिवसाला पाचशे ते हजार गिऱ्हाइकं, बरीचशी उभ्यानेच खाणारी. न्यायालय म्हणालं, अशा विक्रीत तुकडे जमिनीवर पडणारच. मग हा विशिष्ट तुकडा कधी पडला हे विचारण्यात अर्थ नाही, विकण्याची पद्धतच धोका निर्माण करते.

इंग्लंडमध्ये हाच वाद १९७६ साली दह्यावरून झाला. लिव्हरपूलच्या टेस्कोमध्ये सांडलेल्या दह्यावरून एक बाई घसरली. तीन आठवड्यांनी ती पुन्हा त्याच दुकानात गेली तेव्हा तिला जमिनीवर संत्र्याचं सरबत सांडलेलं दिसलं. बाई वस्ताद. तिथेच उभी राहून तिने पंधरा मिनिटं पाहिलं, पुसायला कुणी फिरकलं नाही. वरिष्ठ न्यायालयाच्या तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी तिच्या बाजूने कौल दिला. दुकानात फरशीवर दही आपोआप येत नसतं, तेव्हा आपण काळजी घेतली होती हे दुकानानेच दाखवावं. तिसऱ्यांचं म्हणणं, दही क्षणभरापूर्वी सांडलेलं असू शकतं. भरपाईची रक्कम किरकोळच. एवढ्याशा पैशांसाठी दिलेला हा निकाल आजही तिकडच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो.

फ्लोरिडाने तर या टोकापासून त्या टोकापर्यंतचा झोका एका दशकात घेतला. २००१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे पुन्हा केळंच आलं. दुकानातला केळ्याचा तुकडा काळपट होता, पण तो जमिनीवर काळा पडला की काळा झालेलाच खाली पडला, हे कोण सांगणार? न्यायालयाने कंटाळून सिद्ध करण्याचा भार दुकानावर टाकला. व्यापाऱ्यांनी विधिमंडळात धाव घेतली. २०१० च्या कायद्याने भार पुन्हा गिऱ्हाइकाच्या डोक्यावर आला. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांत तासातासाला फरशी पाहिल्याची नोंद ठेवून तिच्यावर सही करतात ती याच भांडणापोटी. कॅमेऱ्यांनी आता काम सोपं केलंय. चित्रण मागे नेलं की सालीचा जन्मक्षण सापडतो, अर्थात ते दुकानाने पुसून टाकलं नसेल तर.

भारतात या प्रश्नाचं सर्वांत गाजलेलं उत्तर साली-दह्याचं नाही, चुन्याचं आहे. दिल्लीच्या चांदणी चौकातला घंटाघराचा मनोरा स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत कोसळला आणि मेलेल्या तिघांच्या वारसांनी महापालिकेवर दावे लावले. मनोऱ्याकडे पाहून काही कळत नव्हतं, आतला दोष आम्हाला ठाऊक नव्हता, असा पालिकेचा बचाव. पण मनोरा ऐंशी वर्षांचा होता आणि तज्ज्ञ साक्षीनुसार त्या चुन्याचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं. वरच्या मजल्याच्या चुन्याची भुकटी झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली स्पष्ट केलं की हमरस्त्यालगत इमारत असलेल्याने ती वेळोवेळी तपासलीच पाहिजे. दोष दिसत नव्हता हे उत्तर चालणार नाही, असं पडणंच हलगर्जीपणाची साक्ष देतं. बोस्टनच्या काळ्या सालीइतकंच या भुकटीनेही बोलून दाखवलं.

मात्र १९९७ साली त्याच न्यायालयापुढे राजकोटचं झाड आलं. रोज रेल्वेने राजकोटला येणारा एक नोकरदार स्थानकावरून कचेरीकडे चालत निघाला होता. रस्त्याकडेचं झाड त्याच्या अंगावर कोसळलं आणि तो दगावला. खालच्या न्यायालयाने आणि गुजरात उच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. झाड लावणं, सांभाळणं हे लोकहिताचं काम, प्रत्येक झाड सतत तपासत बसणं पालिकेला शक्य नाही, तेव्हा अशा मृत्यूची जबाबदारी तिच्यावर येत नाही. चुन्याचं वय मोजलं गेलं, खोडाचं नाही. मुंबईत दरवर्षी पावसाळ्याआधी महापालिका सोसायट्यांना आवारातल्या धोकादायक फांद्या छाटण्याच्या नोटिसा पाठवते. त्या नोटिशीनंतर सोसायटीच्या आवारातली फांदी कुणाच्या डोक्यात पडली, तर सोसायटीच्या सचिवाला ‘ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोय उरत नाही.