स्नोमोबाइल-मार्गांवरील चिन्हे व चालकाची सुरक्षितता

हिवाळ्यात स्नोमोबाइल चालविण्यासाठी आखून दिलेल्या बर्फाळ मार्गांवर दिशा, धोका, नियम व मार्गाची हद्द दाखविण्यासाठी जे फलक, परावर्तक खुणा व काठ्या लावल्या जातात, त्यांना मार्गचिन्हे म्हणतात. स्नोमोबाइल हे पुढे दोन स्की व मागे इंजिनाने फिरणारा रुंद रबरी पट्टा असलेले, दुचाकीसारखे बसून चालवायचे वाहन आहे. त्याचे वजन साधारणपणे २०० ते ३०० किग्रॅ. भरते आणि आजची शक्तिशाली यंत्रे ताशी १५० किमी.हून अधिक वेग गाठू शकतात. या वाहनांसाठी मुद्दाम राखलेल्या मार्गांचे सर्वांत मोठे जाळे उत्तर अमेरिकेत असून, कॅनडातील ऑन्टॅरिओ व क्वेबेक या प्रांतांत प्रत्येकी सुमारे ३०,००० किमी. किंवा त्याहून अधिक, तर अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात सुमारे २५,००० मैल (४०,००० किमी.) लांबीचे मार्ग आहेत. यांतील बराच भाग शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनीवरून, जंगलातून आणि गोठलेल्या तलावांवरून जातो. तो वर्षातील काही महिनेच अस्तित्वात असतो व त्याची देखभाल मुख्यतः स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक करतात. मार्गचिन्हांचे बहुतेक प्रश्न या तीन गोष्टींतूनच उद्भवतात.

विस्कॉन्सिनमधील सेनर या गावी कार्ल इलायसन यांनी १९२४ मध्ये मोटारीवर चालणारी बर्फगाडी तयार केली, तर क्वेबेकमधील व्हॅलकोर्ट येथील जोझेफ-आर्मां बाँबार्डिए यांनी १९५९ मध्ये ‘स्की-डू’ हे हलके वाहन बाजारात आणले आणि तेथून हे वाहन हिवाळी करमणुकीचे साधन बनले. १९७०च्या दशकाच्या आरंभी शंभराहून अधिक उत्पादक या धंद्यात उतरले होते आणि उत्तर अमेरिकेत वर्षाला सुमारे पाच लाख वाहने विकली जात होती. वाहने आधी आली व मार्ग मागाहून आखले गेले. गावोगावच्या क्लबांनी आपापल्या भागातील वाटा जोडल्या व आपल्या समजुतीप्रमाणे खुणा केल्या. त्या खुणा गावातल्या माणसाला पुरत, परंतु वाटा जोडल्या जाऊन शेकडो किलोमीटरचा सलग प्रवास शक्य होताच परक्या चालकाला त्यांचा अर्थ लागेना. या अडचणीवर उपाय म्हणून राज्यांच्या व प्रांतांच्या स्नोमोबाइल-प्रशासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने चिन्हांचे आकार, रंग व ते लावण्याच्या जागा यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. ती सर्वत्र अक्षरशः पाळली जातात असे नाही. तथापि मोटाररस्त्यांवरील परिचित रंगभाषा बर्फावरही कायम ठेवावी, हे त्यांमागील सूत्र बहुतेक ठिकाणी मान्य झाले आहे.

त्यानुसार लाल अष्टकोनी फलक थांबण्याची आज्ञा देतो. पिवळा, टोकावर उभा केलेला चौकोन वळण, चढाव, अरुंद पूल किंवा पुढे येणारी थांबण्याची जागा यांची पूर्वसूचना देतो. पिवळ्या-काळ्या तिरप्या पट्ट्यांचा उभा फलक पुलाचा कठडा, खांब, कुंपणाचे टोक अशा मार्गालगतच्या अडथळ्यांवर लावतात व त्याच्या पट्ट्या ज्या बाजूला खाली उतरतात त्या बाजूने वाहन काढायचे असते. या सर्वांपेक्षा संख्येने अधिक दिसते ती शंकरपाळ्याच्या आकाराची लहान नारिंगी परावर्तक पाटी. ती कोणतीही आज्ञा देत नाही. आपण अजून मार्गावरच आहोत एवढी खातरी ती चालकाला करून देते, म्हणून तिला खातरीची खूण म्हणता येईल. फाट्यानंतर थोड्या अंतरावर अशी पाटी दिसली नाही, तर वाट चुकली असे समजून परत फिरावे, असा संकेत आहे. मार्ग दुहेरी वाहतुकीचे असल्याने सर्वत्र उजव्या बाजूने चालण्याचा नियम असतो आणि तो विशेषतः चढाच्या माथ्यावर व आंधळ्या वळणावर फलक लावून पुन्हा बजावला जातो; समोरासमोरच्या टकरी होतात त्या बहुधा याच जागी, वळण आतून कापण्याच्या सवयीमुळे.

बर्फात फलक उभारणे रस्त्याकडेला फलक उभारण्याइतके सोपे नसते. जमीन गोठल्यावर खांब रोवता येत नाही, म्हणून बहुतेक फलक शरद ऋतूत, बर्फ पडण्यापूर्वी लावावे लागतात. आणि पुढे किती बर्फ साचेल याचा अंदाज घेऊन त्यांची उंची ठरवावी लागते. मिशिगनच्या उत्तरेकडील किविनॉ द्वीपकल्पात १९७८-७९ च्या हिवाळ्यात एकूण ३९०.४ इंच, म्हणजे जवळजवळ १० मी. हिमवृष्टी नोंदली गेली. पडलेले बर्फ दबून पुष्कळ कमी होत असले, तरी अशा प्रदेशात ऑक्टोबरात छातीच्या उंचीवर ठोकलेली पाटी फेब्रुवारीत गुडघ्याशी येते किंवा गाडलीच जाते, तर तुटपुंज्या हिवाळ्यात तीच पाटी दिव्याच्या झोताच्या वर राहते. शिवाय वाऱ्याने उडालेले ओले बर्फ फलकाच्या दर्शनी बाजूला चिकटते. आणि पुढच्या वाहनाच्या पट्ट्याने उडविलेल्या बर्फाच्या भुकटीत मागच्या चालकाला फलकच काय, पुढच्याचा मागचा दिवाही दिसत नाही. परावर्तक पृष्ठभाग प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवितो, त्यामुळे रात्री दिव्याच्या उजेडात पाटी दुरून चमकते. परंतु खांब किंचित वळला अथवा पाटी वाकली, की हा गुण बराचसा वाया जातो. म्हणून बर्फ दाबून मार्ग सपाट करणाऱ्या यंत्राच्या म्हणजे ग्रूमरच्या चालकाकडेच पडलेले, झाकलेले व फिरलेले फलक हेरण्याचे काम अनेक क्लब सोपवितात. फलकाचा खांब स्वतःच धोका ठरू नये, यासाठी धडक बसताच मोडेल किंवा लवेल असे साहित्य वापरणे इष्ट मानले जाते.

मार्गचिन्हांविषयीच्या धोरणात झालेला सर्वांत महत्त्वाचा बदल संख्येसंबंधीचा आहे. आरंभीच्या काळात जेथे धोका दिसेल तेथे फलक, अपघात झाला की आणखी एक फलक, अशी वृत्ती होती. तिच्यामुळे मार्ग फलकांनी भरून गेले आणि ज्या खाजगी वाटेवर दिवसाकाठी एखादी मोटार येते तेथेही लाल अष्टकोन उभा राहिला. अशा दहा ठिकाणी विनाकारण थांबलेला चालक अकराव्या ठिकाणी, जेथे खरोखर भरधाव महामार्ग ओलांडायचा असतो, तेथे वेग फक्त थोडा कमी करून पुढे जातो. अमेरिकेच्या रस्ते-चिन्हांच्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेतही आज्ञादर्शक व धोकादर्शक फलक काटकसरीने वापरावेत, कारण अतिवापराने त्यांचा प्रभाव कमी होतो, असे तत्त्व नमूद आहे आणि स्नोमोबाइल-मार्गांनाही ते तितकेच लागू पडते. शिवाय एकदा लावलेला फलक कायम राखण्याची जबाबदारी येते: ज्या वळणांवर नेहमी बाण असतात, त्यांपैकी एकावरचा बाण गळून पडला, तर चालक तेथे वळण नाहीच असे गृहीत धरतो आणि मुळात बाण नसते तर झाला नसता असा अपघात होतो. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या क्लबाला जेवढे फलक सांभाळता येतील तेवढेच लावावेत व ते अनपेक्षित धोक्यासाठीच राखून ठेवावेत, ही भूमिका त्यामुळे बळावत गेली. फलक कमी झाले की सुरक्षितता कमी झाली, अशी तक्रार चालकांकडून येते. ती समजण्यासारखी असली तरी फारशी टिकणारी नाही, कारण बर्फाची स्थिती तासातासाला बदलते आणि ऑक्टोबरात ठोकलेल्या फलकाला ती सांगता येत नाही.

फलक सर्व काही सांगू शकत नाही, याचे महामार्ग ओलांडण्याची जागा हे उत्तम उदाहरण होय. रस्त्याच्या बाजूने मोटारचालकांसाठी स्नोमोबाइलची काळी आकृती असलेला पिवळा फलक असतो, पण थांबायचे असते ते स्नोमोबाइलनेच. बर्फ काढणाऱ्या नांगराने रस्त्याकडेला रचलेला ढिगारा बसलेल्या चालकाची दृष्टी अडवितो; म्हणून ढिगाऱ्याशी पूर्ण थांबून, पायफळ्यांवर उभे राहून दोन्ही बाजू पाहाव्यात व मग रस्ता काटकोनात ओलांडावा, असे प्रशिक्षणात शिकवितात. उघड्या डांबरावर स्कींची पकड सुटते व वाहन नीट वळत नाही, त्यामुळे अर्ध्या रस्त्यात दिशा बदलण्याचा विचार करणे घातक ठरते.

चिन्हांचा उपयोग वेगावर अवलंबून असतो. ताशी ८० किमी. वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मी. अंतर तोडते, चालकाला फलक दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद लागला असे धरल्यास ३३ मी. अंतर ब्रेक लागण्यापूर्वीच संपते आणि वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. खालच्या झोताचा उजेड सुमारे ६० मी. पोहोचतो असे मानले, तर गुळगुळीत बर्फावर या वेगाने जाणारा चालक दिसलेल्या अडथळ्यापूर्वी थांबू शकत नाही. यालाच दिव्याच्या उजेडापलीकडे वाहन हाकणे म्हणतात. ऑन्टॅरिओत मार्गांवरील कमाल वेग ताशी ५० किमी., क्वेबेकमध्ये ७० किमी., मिनेसोटात ५० मैल, तर विस्कॉन्सिनमध्ये रात्री ५५ मैल असा ठरविला आहे. शेवटचे दोन आकडे उदारच म्हणावे लागतील.

तलावांवरील खुणांविषयी सर्वाधिक गैरसमज आढळतो. गोठलेल्या पाण्यावर झाड किंवा खांब नसल्यामुळे बर्फात भोके पाडून परावर्तक लावलेल्या काठ्यांची ओळ उभी केली जाते आणि बर्फ फुटण्यापूर्वी ती काढून घेतली जाते. ही ओळ दिशा दाखविते. बर्फाच्या जाडीची ती हमी देत नाही. मिनेसोटाचा नैसर्गिक संपदा विभाग स्नोमोबाइलसाठी नव्या, स्वच्छ बर्फाची किमान ५ ते ७ इंच जाडी सुचवितो; पांढरट, बर्फवृष्टीचे पाणी गोठून बनलेला थर याच्या निम्माच मजबूत असल्याने त्याची जाडी दुप्पट असावी लागते. झरे, नदीमुखे व पुलांखालील जागा येथे प्रवाहामुळे बर्फ पातळ राहते. क्वेबेकमधील साँ-झां सरोवराच्या परिसरात २१ जानेवारी २०२० रोजी रात्री चिन्हांकित मार्ग सोडून गेलेल्या गटाची वाहने, सरोवरातून नदी बाहेर पडते त्या भागात, बर्फ फुटून पाण्यात गेली व पाच फ्रेंच पर्यटक आणि त्यांचा मार्गदर्शक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षाच्या अखेरीस क्वेबेकमध्ये रस्त्याबाहेरील वाहनांविषयीचा नवा कायदा अमलात आला. ऑन्टॅरिओच्या क्लब-महासंघाचा परस्परसंवादी नकाशा मार्गांची स्थिती हिरव्या (उपलब्ध), पिवळ्या (मर्यादित) व लाल (बंद) रंगांत दाखवितो. रोज बदलणारी ही माहिती लाकडी फलकावर देणे शक्य नसल्याने, निघण्यापूर्वी नकाशा पाहणे हा आता मार्गचिन्हे वाचण्याचाच एक भाग झाला आहे.

फलकांच्या जोडीला हातवाऱ्यांची एक पद्धत रूढ आहे. थांबताना हात सरळ वर करतात, डावीकडे वळताना डावा हात आडवा पसरतात, उजवीकडे वळताना तो कोपरात वर वाकवितात आणि रांगेतील शेवटचा चालक मूठ आवळून वर धरतो. समोरून येणाऱ्याला मागे आणखी किती वाहने आहेत हे बोटांनी सांगण्याचीही प्रथा आहे. या पद्धतीचा दोष वाहनाच्या रचनेतच आहे: वेग वाढविण्याची कळ उजव्या अंगठ्याखाली व ब्रेकचा दांडा डाव्या हाताशी असतो, त्यामुळे डाव्या हाताचा प्रत्येक इशारा ब्रेक सोडूनच द्यावा लागतो, आणि तोही बहुधा अरुंद वळणावर, समोर वाहन आलेले असताना. अशा जागी इशाऱ्यापेक्षा उजवी कड धरून वेग कमी करणे श्रेयस्कर होय.

चालकाच्या पात्रतेचे नियम राज्यागणिक भिन्न आहेत. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्यांना व विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९८५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सुरक्षा-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. वेग, रात्र व मद्य यांचे एकत्र येणे जीवघेण्या अपघातांत वारंवार आढळते, आणि मार्गालगतच्या मद्यगृहांपर्यंत जाणाऱ्या फाट्यांमुळे हा प्रश्न अधिक अवघड होतो. चालक पडताच इंजिन बंद करणारी, अंगरख्याला अडकवायची दोरी, तरंगण्यास मदत करणारा पोशाख व बर्फाच्या कडेला रोवून वर येण्यासाठी गळ्यात अडकविलेले दोन टोकदार खिळे ही साधी साधने परिणामकारक आहेत.

भारतात हे वाहन स्नो स्कूटर या नावाने ओळखले जाते. सियाचीन हिमनदीवर भूसेना ते वापरते आणि गुलमर्ग येथे महाराष्ट्रातून जाणारे पर्यटक त्यावर छोटी फेरी मारतात. तेथे वाहन बहुधा स्थानिक चालकाच्या ताब्यात असल्यामुळे पर्यटकाला चिन्हे वाचण्याची वेळ येत नाही. ऑन्टॅरिओत स्वतः वाहन चालविणाऱ्याजवळ मात्र मोटारीचा अथवा स्नोमोबाइलचा चालक-परवाना असावा लागतो, क्लबांच्या मार्गांवर जाण्यासाठी मार्ग-परवानाही घ्यावा लागतो, आणि शिरस्त्राण चालक व मागे बसणारा अशा दोघांनाही कायद्याने सक्तीचे आहे.