हृदयावरील कलमांची कुळकथा

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत अडथळा आला म्हणजे त्याला वळसा घालून रक्ताला नवी वाट करून द्यावी, ही बायपास शस्त्रक्रियेची मूळ कल्पना सरळ आहे. परंतु ही वाट शरीरातील कोणत्या वाहिनीची करावी आणि ती किती वर्षे टिकेल, हा प्रश्न बिकट होता व त्याचा निवाडा व्हायला काही दशके जावी लागली.

या कुळाचा मूळपुरुष कॅनडात सापडतो. माँट्रियलचे डॉ. आर्थर व्हाइनबर्ग यांनी १९५० साली उरोस्थीच्या मागून उतरणारी अंतःस्तन रोहिणी खालच्या टोकाशी सोडवून रुग्णाच्या हृदयस्नायूत बोगदा करून पुरली. पुढे २५ फेब्रुवारी १९६४ रोजी लेनिनग्राडात डॉ. वसिली कोलेसॉव्ह यांनी तीच रोहिणी, हृदय धडधडत असतानाच, टाके घालून थेट हृद्‌रोहिणीला जोडली. वडीलकीचा मान असा या रोहिणीचा होता. पण कारभार लवकरच दुसऱ्या शाखेच्या हाती गेला.

अर्जेंटिनातील एका खेड्यात बारा वर्षे रुग्णसेवा करून अमेरिकेत आलेले डॉ. रेने फावालोरो यांनी मे १९६७ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये पायातील नीला या कामी योजिली, आणि ही पद्धत पाहता पाहता जगभर पसरली. नीला लांब, हवी तितकी मिळणारी व हाताळण्यास सोपी. तिच्यातील झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून तिची टोके उलटून ती जोडावयाची, एवढीच खबरदारी घ्यावी लागे. त्याउलट बारीक अंतःस्तन रोहिणी सोडविणे हे वेळखाऊ, नाजूक काम. न्यूयॉर्कचे डॉ. जॉर्ज ग्रीन १९६८ पासून सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने ते चिकाटीने करीत राहिले, तरी बहुसंख्य शल्यविशारदांनी सोयीचाच मार्ग पत्करला.

काळाने मात्र आपला कौल निराळा दिला. मंद दाबाची सवय असलेल्या नीलेवर रोहिणीतील रक्ताचा दाब अहोरात्र पडू लागला की तिचे आतले अस्तर जाड होत जाते व त्यावर मेदाचे थर चढतात. काही नीला तर पहिल्याच वर्षी गुठळीने बंद होतात आणि दहा वर्षांनी जवळजवळ निम्म्या निकामी झालेल्या आढळतात. अंतःस्तन रोहिणीच्या भित्तीतील लवचिक पडदा घट्ट व अखंड असतो, तिचे अस्तर रक्त न गोठू देणारी द्रव्ये स्रवते, आणि तिचे वरचे टोक मूळ जागीच राहत असल्यामुळे सांधाही एकच पडतो. परिणामी दहा वर्षांनंतरही दहांपैकी नऊ रोहिण्या वाहत्या राहतात. १९८६ साली क्लीव्हलँडच्या डॉ. फ्लॉइड लूप व सहकाऱ्यांनी सुमारे सहा हजार रुग्णांचे दप्तर तपासून दाखवून दिले की, केवळ नीला वापरलेल्या रुग्णांना दहा वर्षांत मृत्यूचा धोका सुमारे १.६ पट होता. तेव्हापासून हृदयाच्या पुढील मुख्य शाखेसाठी डावी अंतःस्तन रोहिणी हा दंडक झाला.

मनगटाच्या रोहिणीचा इतिहास याहून विलक्षण आहे. पॅरिसच्या डॉ. आलाँ कार्पांतिए यांनी ती १९७१ पासून वापरली, आणि आकुंचन पावून ती बंद पडते असे दिसताच स्वतःच टाकून दिली. परंतु १९८९ च्या सुमारास जुन्या रुग्णांच्या तपासणीत बंद समजलेली ती कलमे वाहती आढळली. हलक्या हाताने सोडवून व आकुंचनरोधक औषधे देऊन तिला पुन्हा स्थान मिळाले. नीलेचाही उद्धार होत आहे: स्वीडनमधील डॉ. डोमिंगोस सूझा यांनी ती भोवतालच्या मेदासह, न ताणता काढण्याची रीत घालून दिली आणि तिचे आयुष्य वाढविले.

कोणते कलम खरे, याची साक्ष शस्त्रक्रियेच्या दिवशी मिळत नाही. ती दहा-वीस वर्षांनी परत येणारा रुग्ण देतो. म्हणून ज्यांची ही शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी कोणत्या वाहिन्या जोडल्या याचा कागद जपून ठेवावा, तंबाखूला स्पर्श करू नये, नेमून दिलेली औषधे मनाने बंद करू नयेत, आणि बरे वाटते म्हणून तपासणीची तारीख चुकवू नये.